विनूच्या कपाटाची किंमत

मी मत्सरी माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुमचं माझ्याबद्दल उगाच बरं मत व्हायला नको. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "काका, तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा." गमतीदार अनुभव आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलो की हात एकाच ठिकाणी येऊन अडतो, म्हणून मुख्यतः तेच लिहितो.

माझं काम किमती ठरवायचं. इंदूरला पलासियात जैन साहेब म्हणून चार्टर्ड अकाउंटंट होते, त्यांच्या ऑफिसात मी बावीस वर्षं काढली. सही त्यांची, मोजणी माझी. आम्ही लहान कंपन्यांच्या शेअरची किंमत काढायचो. मोठ्या कंपनीचा शेअर रोज विकला जातो, त्याचा भाव सकाळी पेपरात येतो, त्यात कोणाची हुशारी लागत नाही. पण दोन मित्रांनी मिळून काढलेली कंपनी, शेअर सगळे त्यांच्याच घरात, आणि एक दिवस एक मित्र म्हणतो, मी निघतो, माझे शेअर तू घे. आता घ्यायचे कितीला? देणाऱ्याला कंपनी सोन्याची वाटते आणि घेणाऱ्याला मातीची. तिथे आमच्यासारख्या तिऱ्हाइताला बोलावतात.

काढायची रीत तशी सोपी आहे. कंपनीजवळ काय काय आहे ते मोजायचं, देणं वजा करायचं, शेअरच्या संख्येने भागायचं. ही एक किंमत. मग कंपनी दरवर्षी कमावते किती, आणि पुढेही तेवढं कमावेल अशी खात्री किती, त्यावरून दुसरी. पूर्वी या दोन्हींची सरासरी काढायचं सरकारी सूत्र होतं. दिल्लीत एक कार्यालय होतं, ते सांगेल ती पूर्वदिशा. मग उदारीकरण आलं, ते कार्यालय बंद झालं, आणि सूत्राच्या जागी आमचं मत आलं. जैन साहेब तेव्हा म्हणाले, "अब अपनी अकल लगाओ मनोहरजी." सगळे खूश झाले, मीही झालो. सूत्र होतं तोवर मनातलं काही आकड्यात शिरायला जागा नव्हती, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एक गिऱ्हाईक सांगतो, पुढे लागणार आहे. शेव बनवणारे एक सेठ होते. दोन भाऊ वेगळे होत होते. थोरल्याने टेबलावर किलोभर शेवेचं पुडकं ठेवलं आणि म्हणाला, "भिया, पहले ये खाओ, फिर भाव लगाओ." म्हटलं, कारखान्यात तर दोन भट्ट्या, चार कढया आणि एक म्हातारा कारागीर. तो म्हणाला, "और मसाला?" मसाल्याचं प्रमाण कागदावर कुठेच नव्हतं, ते त्या म्हाताऱ्याच्या बोटांत होतं. मी तीन दिवस दुकानासमोर उभं राहून गिऱ्हाइकं पाहिली. बाजूच्या दुकानात स्वस्त मिळत असूनही लोक इथेच रांग लावत होते. मी त्या न लिहिलेल्या मसाल्याची, आमच्या भाषेत गुडविलची, भरघोस किंमत लावली. दोघंही भाऊ समाधानाने गेले आणि दर दिवाळीला आमच्याकडे शेव यायला लागली. म्हणजे मला काम येत होतं. न दिसणाऱ्या गोष्टीची किंमत मला करता येत होती. हे लक्षात ठेवा.

आता विनू. विनायक पागे. तो छत्रीबागेत राहायचा, मी परदेशीपुऱ्यात. मिलमध्ये आम्ही एकाच महिन्यात लागलो, एकाच पगारावर. मी स्टोअरमध्ये आणि तो इंजिनिअरिंग खात्यात ड्राफ्ट्समन. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. माझ्याकडे अकरा हजार आयटम होते, बेअरिंगपासून बकलापर्यंत, आणि कुठलं कुठल्या खणात आहे हे मी डोळे मिटून सांगायचो. पण ते विचारायला कोणी यायचं नाही. विनूकडे मात्र सगळे यायचे. वाफेच्या पाइपांत त्याचं डोकं विलक्षण चालायचं. बॉयलरपासून रंगाई खात्यापर्यंत पाइप कुठून न्यायचा, कुठे वळवायचा, पाणी कुठे साचेल, हे तो नुसतं चालत जाऊन सांगायचा. इंजिनिअर लोक डिग्र्या खिशात घालून त्याच्या टेबलाशी उभे राहायचे. मॅनेजर साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचे. माझ्या खांद्यावर चौदा वर्षांत कोणी हात ठेवला नाही. मला ते सलायचं. डबा खाताना मी त्याच्याशी हसून बोलायचो आणि पोटात दुखायचं.

मिल बुडायच्या सहा वर्षं आधी विनू नोकरी सोडून निघाला. सक्सेनाजी म्हणून आमच्याच मिलमधले एक इंजिनिअर होते, दोघांनी मिळून कंपनी काढली. कारखान्यांना सल्ला द्यायचा, नकाशे काढून द्यायचे, एवढाच धंदा. विनू मला म्हणाला, "मन्या, तू पण चल. ऑफिसचं सगळं तू बघ. थोडे शेअर घे, बाकी अपन संभाल लेंगे."

मी हसलो. म्हटलं, "कागदाचं दुकान आहे हे. विकणार काय, पेन्सिली?"

खरं सांगू का, भीती वाटली होती. पण भीती वाटली असं सांगण्यापेक्षा हसणं सोपं होतं. घरी मंगल, माझी बायको, म्हणाली, "विनूभाऊजी बोलावताहेत तर जा की." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

मग मिल बंद पडली. फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर उभे होतो, काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात विनू स्कूटरवरून चालला होता, काखेत नकाशांची गुंडाळी. तो थांबला, मला बाजूला घेऊन गेला, चहा पाजला, पोहे-जिलबी खाऊ घातली. जैन साहेबांकडे माणूस हवाय, हेही त्यानेच सांगितलं आणि चिठ्ठी लिहून दिली. म्हणजे माझी पुढची बावीस वर्षं त्याच्या चिठ्ठीवर उभी आहेत. कुणाचे उपकार झाले की माणूस मऊ होतो म्हणतात. मी झालो नाही. त्याच्यावर आणखी जळायला लागलो.

त्यांची कंपनी चालली. मिला गेल्या तर सोयाबीनचे प्लांट आले, पीथमपूरला औषधांचे कारखाने आले, आणि वाफ सगळ्यांनाच लागते. पाटीवर 'इंजिनिअरिंग कन्सल्टंट्स' होतं त्यात सक्सेनाजींनी 'टेक्नॉलॉजी' घातलं, कारण तेव्हा सगळेच घालत होते. पलासियात बँकेच्या वर त्यांचं ऑफिस होतं, माझ्या खिडकीतून ती पाटी दिसायची. विनूने मारुती घेतली तेव्हा मंगलने मला ती बातमी दोनदा सांगितली.

त्याच सुमारास मला आमच्याच मिलच्या स्टोअरची किंमत काढायचं काम आलं. मिल विकायला काढली होती. मी कुलूप उघडून आत गेलो. रॅकवर माझ्या अक्षरातली कार्डं अजून लटकत होती, प्रत्येक खणाला एक, माल आला किती, गेला किती. स्टोअरची एक रीत असते. तीन वर्षांत जो माल हलला नाही तो डेड स्टॉक. त्याची खरेदीची किंमत विसरायची आणि भंगाराचा भाव लावायचा. मिल बंद होऊन दहा वर्षं झाली होती, म्हणजे सगळंच डेड. अकरा हजार आयटम मी माझ्या हाताने किलोवर लावले. बाहेर आलो तेव्हा जैन साहेबांनी विचारलं, "हो गया?" म्हटलं, हो गया. माझं चौदा वर्षांचं काम एका ट्रकच्या भावात गेलं होतं.

यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी विनू आमच्या ऑफिसात आला.

त्याचं आणि सक्सेनाजींचं भांडण नव्हतं. सक्सेनाजींना सगळं काम कम्प्युटरवर न्यायचं होतं, पुण्याच्या कोणा मोठ्या पार्टीशी बोलणं करायचं होतं. विनूला स्वतःचं बोर्ड आणि पेन्सिल हवी होती. तो निम्मे शेअर सक्सेनाजींना देऊन बाहेर पडणार होता, आणि किंमत आम्ही काढायची असं दोघांनी ठरवलं होतं. आमचं नाव विनूनेच सुचवलं होतं.

"पैसे आले ना मन्या," तो म्हणाला, "की दोन खोल्या घेणार. स्वतःचं ऑफिस. फक्त स्टीम, बाकी काही नाही. अपना काम, अपनी मर्जी. जागा पण बघून ठेवलीय."

"किती येतील असं वाटतंय?" मी विचारलं.

"ते तू सांगशील. मला त्यातलं काय कळतं? पण सोळा वर्षं घासलीयत, त्यामुळे काहीतरी तर असेलच." तो हसला. त्या दोन खोल्यांचा त्याने चक्क नकाशा काढून आणला होता.

मी त्यांच्या कंपनीत मोजायला गेलो. टेबलं, खुर्च्या, अमोनियाने प्रिंट काढायचं मशीन, दोन कम्प्युटर. ट्रेसिंग क्लॉथचा एक जुना रोलही निघाला. मिलमध्ये बायका हे कापड मागून न्यायच्या, धुतलं की खळ जाते आणि आतून तलम मलमल निघते. विनू म्हणाला, "लिही ते पण, वहिनींना रुमाल होतील." आम्ही दोघंही हसलो.

आणि भिंतीला लागून पाच लोखंडी कपाटं. त्यांत सोळा वर्षांचे नकाशे, प्रत्येक कारखान्याचा वेगळा कप्पा. विनूने सगळ्यांवर नंबर घातले होते. त्याचं अक्षर मला माझ्यापेक्षा चांगलं वाटायचं, तेही तिथे पुन्हा दिसलं.

कपाटाजवळ दोरीने एक वही बांधली होती. कुठला नकाशा कपाटातून कधी बाहेर काढला, कशासाठी काढला, त्याची नोंद. मी ती चाळली. आणि मला सगळं समजलं. एखाद्या कारखान्याचा नकाशा आठ-आठ वर्षं पडून राहायचा. मग त्या कारखान्याला नवा बॉयलर बसवायचा असायचा, आणि जमिनीखालून, भिंतीतून कुठला पाइप कुठे गेलाय हे जगात फक्त या कपाटाला ठाऊक असायचं. गिऱ्हाइकाला इथेच यावं लागायचं. पानामागून पान तेच. ही पाच कपाटं म्हणजेच कंपनी होती. बाकी टेबलखुर्च्या कोणाच्याही असतात.

शेवेचा मसाला ओळखायला मला तीन दिवस लागले होते. इथे अर्धा तास पुरला.

मी वही मिटली आणि विनूला विचारलं, "यातले किती नकाशे तीन वर्षांत बाहेर निघाले नाहीत?"

"बरेच असतील. का रे?"

"काही नाही, लिहून घेतो."

रिपोर्टात मी लिहिलं, कंपनीकडील नकाशांपैकी चार-पंचमांश गेल्या तीन वर्षांत वापरात आलेले नाहीत, सबब तो मृत साठा समजून रद्दीच्या दराने धरला आहे. पुढे लिहिलं, सल्ल्याचा धंदा व्यक्तीवर चालतो, एक व्यक्ती जात असल्याने पुढील कमाईची खात्री देता येत नाही. दोन्ही वाक्यं दिसायला निर्दोष होती. दुसरं तर थोडंफार खरंही होतं. शेअरची जी किंमत निघायला हवी होती, तिच्या तिसऱ्या हिश्शावर मी आकडा आणून ठेवला. रागात नव्हतो. शांतपणे, दोन चहा पिऊन लिहिलं. मनात एवढंच होतं, माझं सगळं किलोवर गेलं, याचं का जाऊ नये?

जैन साहेबांनी वाचलं. चष्मा वर केला. "मनोहरजी, सेव में आपको गुडविल दिख गया था. यहाँ नहीं दिखा?"

म्हटलं, "साहब, वहाँ ग्राहक रोज़ आता है. यहाँ माल तीन-तीन साल हिला नहीं."

त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला. पण खाली आणखी कोणीतरी वाट बघत बसलं होतं, म्हणून त्यांनी सही केली. त्यांना फसवलं याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही, आज वाटतं.

विनूला रिपोर्ट मीच दिला. त्याने पहिल्यांदा शेवटचं पान पाहिलं, सगळेच पाहतात. मग मागे जाऊन सावकाश वाचू लागला. 'मृत साठा' या शब्दांवर त्याचं बोट थांबलं.

"डेड?" तो म्हणाला.

"तशी रीत आहे," मी म्हटलं.

त्याने वाद घालावा, ओरडावं, वही आणून माझ्या तोंडावर फेकावी, असं मला फार वाटत होतं. त्याने एक शब्द काढला असता तर मी तिथल्या तिथे आकडा बदलला असता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तो म्हणाला, "मला वाटलं होतं थोडे जास्त येतील. पण तू मोजलंयस म्हणजे बरोबरच असणार. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं."

आणि सही केली.

पैसे अगदीच थोडे आले असं नाही, ओढूनताणून एक खोली तरी झाली असती. पण त्याने जागाच नको म्हणून कळवलं. सुनंदा वहिनी, म्हणजे विनूची बायको, मंगलला म्हणाल्या, "हे म्हणतात, सोळा वर्षांचं काम रद्दी निघालं तर नवीन काय उघडायचं?" विनू देवासकडच्या एका सोया प्लांटवर मेंटेनन्सचा सुपरवायझर म्हणून लागला. रोज बसने जायचा. बोर्ड त्याने कोणाला तरी देऊन टाकलं. मारुती विकली तेव्हा ती बातमी मंगलने मला सांगितली नाही, मला बाहेरून कळली. आणि मला आनंद झाला का, तर हो, झाला. साधारण आठवडाभर टिकला.

चार वर्षांनी सक्सेनाजींची कंपनी पुण्याच्या पार्टीने घेतली. त्या व्यवहारात किंमत काढायला मुंबईचे लोक आले होते, आम्ही नव्हतो. पण पलासियात गोष्टी लपत नाहीत. त्यांची दोन माणसं महिनाभर त्या पाच कपाटांसमोर बसून एकेक नकाशा तपासत होती. कम्प्युटर त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. आकडा ऐकला आणि मी त्या दिवशी जेवलो नाही. मंगलने विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, ऊन लागलं.

आता आम्ही दोघंही रिटायर. गेल्या महिन्यात, संपादकबाईंचा फोन आल्यावर, मी ठरवलं की छापायच्या आधी त्याला सांगायचं. छत्रीबागेत गेलो. विनू ओट्यावर बसून वांगी चिरत होता. बोटं वाकलीत आता. मी प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "विनू, ते नकाशे डेड नव्हते. मी ती वही वाचली होती. मला माहीत होतं. मी मुद्दाम आकडा पाडला. तुझ्यावर जळत होतो म्हणून."

त्याने सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता होणार.

"कोणी पाठवलं तुला? सुनंदा काही बोलली का?"

"कोणी नाही. खरं सांगतोय."

"अरे, मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतोस का आता?" तो हसला. "राहू दे भिया. खोटं बोलणं तुला जमत नाही, कधीच जमलं नाही."

"पुण्यावाल्यांनी त्या कपाटांसाठी घेतली कंपनी."

"नावासाठी घेतली. सक्सेनाजींच्या ओळखी होत्या. तू उगाच मनाला लावून घेतोस." मग तो मला समजवायला लागला. म्हणाला, "हे बघ, सल्ल्याचा धंदा व्यक्तीवर चालतो. एक व्यक्ती गेली की पुढच्या कमाईची खात्री देता येत नाही. आणि नकाशे तर तीन वर्षांत वापरात आलेले नव्हतेच, चार-पंचमांश. तूच सांग, चूक कुठे होती?"

मी मान खाली घालून ऐकत होतो. माझीच वाक्यं होती, शब्दाला शब्द. त्याला पाठ होती.